दोन साक्षीदारांची रानभाजी

गेली बावीस वर्षं मी वर्तमानपत्रात बातम्या तपासतो. दोन माणसांनी स्वतंत्रपणे तेच सांगितल्याशिवाय आमच्याकडे पाऊससुद्धा पडत नाही! तेव्हा दादाच्या शेतात रानभाजी शोधणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

वसंतात पाटाच्या पाण्यावर रान हिरवंगार झालं होतं, पण वहिनींचा चेहरा पडलेला. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी ही शेती मांडली होती आणि आज दुपारी बाराला एका हॉटेलचा आचारी माल बघायला येणार होता. पसंत पडला तर दर आठवड्याची भाजी पक्की.

"भाऊजी, पालक अजून बोटाएवढाच आहे हो! दाखवू काय त्याला?"

"रानभाजी! न पेरता उगवलेली. हॉटेलवाले वेडे होतात!"

बांधावर लवदार पानांचं एक रोप चिक्कार माजलं होतं. "हे खातात ना रे?" मी दादाला विचारलं.

"खात असतील."

थोड्या वेळानं शेजारच्या गवळ्याला गाठलं. तो म्हणाला, "खातात की! खात्रीनं!"

दोन साक्षीदार झाले! टोपलीभर पाला खुडला, वहिनींनी फोडणीला टाकला. चव मात्र मी कुणाला घेऊ दिली नाही. साक्षीनंतर चव घेणं म्हणजे साक्षीदारांवर अविश्वास!

बाराला आचारी आला, त्यानं एक घास घेतला. त्याचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला.

"बाई, हे खातं कोण?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी गंमत बघायला आलेल्या गवळ्याकडे.

"खातात असं मला मघाशी दादाच बोलले," गवळी म्हणाला. "आमची म्हैस तर तोंडही लावत नाही."

"मला ह्यानंच विचारलं!" दादा उखडला. "म्हटलं, पेपरातला माणूस, माहीत असल्याशिवाय विचारेल कशाला?"

म्हणजे दोन्ही साक्षीदार मीच!

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. आचारी चूळ भरायला नळाशी गेला आणि तिथेच उकिडवा बसला. ओलीत लालसर देठांचं, जाड पानांचं काहीतरी पसरलं होतं. त्यानं एक पान चावलं.

"ही तर घोळ, खरी रानभाजी! हिचं काय करता तुम्ही?"

"उपटून कोंबड्यांना घालते," वहिनी चाचरत म्हणाल्या.

"कोंबड्यांचे लाड पुरे! मला दर आठवड्याला दोन टोपल्या हव्यात. पालक वाढला की तोही द्या. फक्त एक अट आहे. भाजी तुम्ही स्वतः खुडायची. ह्या पेपरवाल्यांना शेतात पाय ठेवू द्यायचा नाही."

साधी खुरपी घ्यायची तरी वहिनी दादाशी दोन दिवस चर्चा करतात.

ही अट त्यांनी माझ्यादेखत, तिथल्या तिथे, डोळे पुसता पुसता मान्य केली!