चांगूभाऊंची थळ-श्रीवर्धन लाईन

माझ्या मुलीच्या हळदीला सगळे जेवत होते आणि चांगूभाऊ स्टेजखाली होते. म्हणजे पाय बाहेर होते; बाकीचे चांगूभाऊ डेकोरेशनवाल्याच्या वायरीमागोमाग आत गेले होते. मी वाकून म्हटलं, "भाऊ, ताट वाढलंय."

"वाढू दे. आधी हिचं टोक दाखव."

वायर दिसली की तिची दोन्ही टोकं सापडेपर्यंत या माणसाला घास उतरत नाही. थळच्या आमच्या आळीत एकाही घराचा मीटर त्यांच्या तपासणीतून सुटलेला नाही. जन्म कोळ्याचा, नोकरी कारखान्यातली यंत्रं सांभाळण्याची. निवृत्त झाले, त्याच आठवड्यात जाळी ठेवायच्या खोलीत फळ्या ठोकून त्यांनी खेळण्यातली आगगाडी मांडली.

खेळण्यातली म्हणालात तर उठून जातील. ही थळ-श्रीवर्धन लाईन. खरी गाडी आमच्याकडे येईल तेव्हा येईल, यांची रोज अकराला सुटते. किहीम खरं तर उलट्या दिशेला, पण भाऊंनी ते वाटेतलं स्टेशन केलंय; तिथे नारळीबागेच्या जागी दात घासायचे जुने ब्रश उभे आहेत. खाडीच्या पुलाला खांब म्हणून वहिनींची लाटणी गेली. वहिनी पोळ्या बाटलीने लाटतात.

रुळांत वीज कायम खेळत असते. प्रत्येक इंजिनाला नंबर. रिमोटवरून हुकूम सुटतो, तो केबलमधून कोपऱ्यातल्या कंट्रोलच्या डब्याकडे जातो आणि डबा त्या नंबराला सांगतो, हल बाबा. खोलीभर केबल फिरवून भाऊंनी हाताहातावर सॉकेट बसवलीत. रिमोट इथे खोचायचा, उपटायचा, पुढे खोचायचा आणि गाडीबरोबर चालायचं. खुर्ची दिली तर म्हणतात, "गाडी चालतेय आन् मी बसू?"

खुर्चीवर बसायचे ते त्यांचे थोरले भाऊ, धर्मादादा. दादा बोट हाकणारे तांडेल. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, बोट दुसऱ्याच्या हाती गेली आणि दादा भिंतीकडे तोंड करून पडले. फक्त अकराची शिटी झाली की भिंत धरत यायचे.

एकदा लोंबत्या केबली बघून म्हणाले, "ही काय चिंबोरीची तंगडी सोडलीस?" आणि उजवा हात नि दात यांच्या जोरावर त्यांनी सगळ्या केबली नायलॉनच्या दोऱ्याने बांधून काढल्या, जाळ्याच्या गाठींनी. भाऊंनी त्या गाठी अख्ख्या आळीला बोलावून दाखवल्या.

मग गाडी बिघडली. किहीमच्या पुढे गेली की रिमोटचं ऐकेना. थांबायची नाही हो, हीच तर गंमत. शेवटचा हुकूम 'पळ' असला तर ती पळतच सुटायची. श्रीवर्धन ओलांडून थेट वहिनींच्या सुकटीच्या टोपलीत. मी हसलो. तिसऱ्या दिवशी अकराला दादा आले नाहीत.

"उठून काय करू," आतून म्हणाले, "तिचंबी माझ्यासारखंच झालं."

तेव्हा मात्र मी हसायचा थांबलो. भाऊ चार दिवस फळ्यांखाली रांगत होते. सॉकेट बदलली, डबा उघडला. मी बॅटरी धरून बसलो. पाचव्या दिवशी त्यांनी किहीमची गाठ सोडली. खाली केबल कमरेत आवळल्यासारखी चेपली होती, आतल्या तारा तुटलेल्या. जाळ्याचीच गाठ ती. हिसका बसेल तशी आवळत जाते आणि फळी तर दर गाडीला थरथरायची.

"दादांना सांगू, जरा सैल बांधा," मी म्हटलं.

भाऊ पहिल्यांदाच खाली बसले. "जन्मात सैल गाठ बांधली न्हाय त्यानं. एक हात उरलाय. त्यालाच सांगू, चुकलास म्हणून?"

त्यांनी ती गाठ जमेल तशी परत बांधली. फळ्यांच्या खालून नवी केबल ओढून सगळी सॉकेट तिला जोडली. वरच्या केबलींतून आता काहीच जात नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला शिटी झाली. बऱ्याच वेळाने दादा भिंत धरत आले. गाडीकडे न बघता थळपासून केबलींवर अंगठा फिरवत निघाले आणि किहीमला थांबले.

"ही माझी न्हाय."

"मीच सोडली व्हती. धूळ पुसाया."

दादांनी दातांनी ती सोडली, पुन्हा बांधली, करकचून आवळली.

"सैल बांधतोस," ते म्हणाले, "म्हणून बिघडते."

"व्हय दादा," भाऊ म्हणाले आणि रिमोट उपटून गाडीबरोबर पुढे चालू लागले.