रशीदचाचांचे खांदे

रशीदचाचा कॉम्प्युटरवरच्या फोटोला हात लावण्याआधी त्याची परवानगी घेत. मनातल्या मनात नव्हे, मोठ्यानं. "काका, जरा गालावर येतो हं. डाग काढून घिऊ," असं पडद्याला सांगून मगच माउस हलवायचे. बाईमाणूस असलं तर आधी घसा खाकरायचे. फोटोतला माणूस बहुतेक वेळा मेलेलाच असे, त्यामुळे तो नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

भोरच्या एसटी स्टँडामागे त्यांचा स्टुडिओ. तीस वर्षं त्यांनी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण घालवले. पुढे दोन हजार सालानंतर पुण्याहून गुळगुळीत रंगीत फोटो यायला लागले, तेव्हा चाचांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटर घेतला. शिकवायला मी. शेजारीच माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि दुपारी तिथं माशा मारण्यापलीकडे काम नसे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला ते 'मॅडम' म्हणत आणि चुकले की शाळेतल्या पोरासारखे उभे राहत.

विद्यार्थी मात्र द्वाड. लेअर म्हणजे काय ते एका दिवसात कळलं. "काचंवर काच ठिवायची, व्हय ना?" म्हणाले. पण सेव्ह करायला तयार नसत. अर्धवट काम साठवणं त्यांना पटतच नव्हतं. "नाक पुरं झाल्याबिगर मानसाला डब्यात घालायचं न्हाई, मॅडम." मी रोज ओरडायचे आणि ते रोज मान डोलवायचे.

त्या दुपारी मी गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. पासलीच्या हौसाबाई. नवऱ्याचं वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं होतं आणि घरात त्यांचा एकच फोटो, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला. मागच्या रांगेत, नुसता मानेपर्यंतचा चेहरा. तो घेऊन बाई नसरापूरला गाडी बदलून आल्या होत्या. साडेचारच्या एसटीनं त्यांना मोठा फोटो घेऊन परत जायचं होतं.

आत चाचा रंगात आले होते. पडद्यावर म्हाताऱ्याचं निम्मं नाक नीट झालं होतं.

"मूळ फोटो कुठंय?" मी विचारलं.

"स्कॅनरमंदीच. लई सुरकुतल्याला हुता. वला करून चिकटवलाय."

जुन्या पद्धतीत ते घड्या पडलेला फोटो पाण्यात भिजवून काचेवर दाबत, कॅमेऱ्यानं त्याची नक्कल काढत आणि ओला असतानाच उचलून घेत. आज उचलायचं विसरून ते तासभर नाकात गुंतले होते. मी झाकण उघडलं. फोटो काचेवर वाळून घट्ट बसला होता. चाचांनी नखानं कोपरा सोडवला, तर कागद हातात आला आणि चेहऱ्यांचे नुसते तुकडे काचेला राहिले.

तेवढ्यात लाइट गेली.

यूपीएस टीं टीं करायला लागला. त्याची बॅटरी जुनी. पाच मिनिटं म्हणजे डोक्यावरून पाणी.

"सेव्ह केलंय?"

त्या माणसाचा चेहरा आता साऱ्या जगात फक्त त्या पडद्यावर होता, आणि चाचांनी माउस गच्च धरून ठेवला होता. "अर्धंच नाक हाय मॅडम, असं कसं..." मी त्यांच्या हातावर चक्क चापट मारली. वडिलांच्या वयाच्या माणसाला! माउस ओढून मी सेव्ह दाबलं; पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. ती टोकाला पोचली आणि लगेच पडदा काळा झाला.

"बाहेर काही बोलू नका," मी कुजबुजले. "जुना फोटो नंतर पाठवतो म्हणून सांगू."

चाचा तडक बाहेर गेले. "आक्का, तुमचा फोटो माज्या हातनं गेला. चूक माजी हाय. त्येंचा चेहरा मातर आत ऱ्हायलाय. लाइट आली की दावतो."

हौसाबाई रडल्या नाहीत. फक्त दर पाच मिनिटांनी मला "किती वाजलं?" विचारत राहिल्या. मला चाचांचा राग आला होता आणि खोटं सुचवल्याबद्दल स्वतःचा त्याहून जास्त.

साडेतीनला लाइट आली. चेहरा शाबूत होता. चाचांनी नाक पुरं केलं आणि खाली नेहमीचं धड जोडलं. हे धड चाचांचंच. गेलेल्या माणसाचा फोटो घरच्यांना कोटातलाच हवा असतो, आणि त्यानं तर जन्मात कोट घातलेला नसतो. म्हणून चाचांनी शमीमचाचींशी झालेल्या स्वतःच्या निकाहचा कोट घालून एक फोटो काढून ठेवला होता. उत्रोलीपासून वेल्ह्यापर्यंत कितीतरी भिंतींवर दुसऱ्यांची डोकी चाचांच्या खांद्यांवर आहेत.

हौसाबाई पडद्याजवळ आल्या. "त्वांड त्येंचंच हाय. पर ह्ये खांदं न्हाईत. डावा खांदा पडल्याला हुता त्येंचा. जल्मभर वझी वाहिली त्या खांद्यानं. असा ताठ मानूस माज्या घरात कदी न्हवता."

मी घड्याळाकडे बघितलं. चाचांनी बघितलंच नाही. त्यांनी खुंटीवरचा कोट चढवला, डिजिटल कॅमेरा माझ्या हातात दिला, स्टुलावर बसले आणि डावा खांदा पाडला.

"आजून," हौसाबाई म्हणाल्या. "न्हाई, तसं न्हवं." मग त्या स्वतःच पुढे झाल्या. दोन्ही हातांनी चाचांचा खांदा खाली दाबला, मान जराशी वळवली, कोटाची सुरकुती हातानं साफ केली. "हां. दमून आलं की असं बसायचं."

चाचांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"चाचा, काय होतंय?"

"कायबी न्हाई. काडा तुमी." मग खांदा न हलवता म्हणाले, "जल्मभर लोकांच्या हनुवट्या धरून सरळ केल्या, मॅडम. शमीम गेल्यापासनं मला कुनी हात लावून नीट बसवलं न्हाई."

मी बटण दाबलं.

हौसाबाईंना मोठ्या फोटोसकट साडेचारची गाडी मिळाली. चाचा कोट घालूनच त्यांना सोडायला स्टँडवर गेले. मी एकटी कॉम्प्युटरसमोर बसले होते. नव्या फोटोतलं धड वापरून झालं होतं. डोळे भरलेलं चाचांचं डोकं तेवढं बाजूला उरलं होतं. उरलेला भाग पुसून टाकायचा, हे मीच त्यांना शिकवलेलं. माझा हात काही धजेना. मी डोकं परत त्या पडलेल्या खांद्यांवर ठेवलं आणि सबंध माणूस सेव्ह केला.