शेपट्या मोजणारे सोनावणे

आमच्या बोईसरच्या इमारतीत जिना झाडायचा असेल तर आधी तिसऱ्या मजल्यावरच्या सोनावण्यांची परवानगी लागते. ट्यूबलाइटखाली रात्रभरात जे किडूकमिडूक मरून पडतं, ते सोनावणे सकाळी गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून, चिमट्याने एकेक उचलतात. झाडूवाला तोवर पायरीवर तंबाखू मळत बसतो. "साब, मच्छर ही तो हैं," असं तो एकदा म्हणाला. सोनावण्यांनी त्याला इतकं समजावलं की त्या दिवशी जिना झाडायचाच राहिला.

ते मच्छर नव्हेत, मेफ्लाय. पाण्यात वाढणारी आणि पंख फुटल्यावर जेमतेम एखाद-दोन दिवस जगणारी नाजूक माशी. बसली की पंख पाठीवर उभे मिटते. कुणाला मागचे छोटे पंख असतात, कुणाला नसतात. काहींच्या नरांचे डोळे डोक्यावर फेटा बांधल्यासारखे. शेपट्या दोन किंवा तीन. यातली कुठलीही माहिती मी मागितलेली नाही. मी त्यांच्याच कारखान्यात देखभाल विभागात आहे, ते प्रयोगशाळेत. शिफ्टची बस एकच, त्यामुळे सुटका नाही. "कदम, आधी शेपट्या मोजायच्या, मग बोलायचं," हे त्यांचं पालुपद.

स्पष्टच सांगतो, मला या माणसाचा हेवा वाटतो. बंद पडलेला कॉम्प्रेसर मी भर उन्हात चालू केला तर "झालं का?" एवढंच विचारतात. सोनावण्यांना मेलेली माशी सापडली की अख्खी बस माना वळवते. पालघरच्या कॉलेजात त्यांना बोलायला बोलावतात, शाल घालतात. मला अजून कुणी रुमालसुद्धा घातलेला नाही.

सातपाटीहून मासे घेऊन येणारी मावशीसुद्धा फितूर. मी चांगल्या सरंग्यावर बोट ठेवलं की म्हणते, "त्यो नाय, त्यो सोनावने सायबांचा हाय. तुमी नुसता भाव इचारता. ते कल्ला उघडून बघतात, डोला बघतात."

हेही मी गिळलं असतं. पण नंदा, म्हणजे माझी बायको, एकदा त्यांच्या गॅलरीत भिंगातून नराचे डोळे बघून आली आणि जेवताना म्हणाली, "अहो, माणसाला काहीतरी नाद हवा, नाही का?" त्या दिवशी मी ठरवलं, नंदाच्या देखत या माणसाला एकदा तरी मात द्यायची.

संधी वाणगावला मिळाली. साडूच्या मिरचीच्या शेतात, कालव्याकाठच्या दिव्याला दिवेलागणीला एक माशी येऊन बसली. शेपट्या दोन. मागचे पंख नाहीत. इथवर सोनावण्यांच्या जिन्यातल्या नेहमीच्या माशीसारखी. पण त्यांच्या माशीचे पंख काचेसारखे आरपार, आणि हिचे दुधट, धुरकट, मागच्या कडेला बारीक केसांची झालर. डोळेही मिणमिणते. मी डब्यात काडी उभी करून तिला त्यावर बसवलं आणि त्याच रात्री मिळेल त्या गाडीने बोईसर गाठलं. इमारतीच्या फाटकातच चारचौघांना सांगून टाकलं, "नवीन जात सापडली. सोनावण्यांकडे नाही."

सोनावण्यांनी डबा घेतला. शेपट्या मोजल्या. भिंग लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. चेहरा एकदम गंभीर. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

"कदम, ही ठेवून घ्यायला हवी," ते म्हणाले. "सकाळी उजेडात नक्की करू. सुट्टीच आहे उद्या. वहिनींनाही आणा."

जेवणावर घालायचं जाळीचं झाकण त्यांनी माशीवर हळूच ठेवलं. मी घरी येऊन नंदाला म्हटलं, "उद्या चांगली साडी नेस."

सकाळी आम्ही गेलो तर जाळीच्या आत दोन गोष्टी होत्या. काडीला चिकटलेली एक पांढुरकी, पोकळ कात, आणि शेजारी काचेसारख्या पंखांची माशी. त्यांची नेहमीचीच, जिन्यात ढिगाने मिळणारी.

"पंख फुटल्यावरही ही एकदा कात टाकते," सोनावणे जमिनीकडे बघत म्हणाले. "दुसरा कुठलाच कीटक असं करत नाही. त्याआधी पंख दुधट असतात. नवशिके इथेच फसतात."

नंदाने तोंडाला पदर लावला. माझ्या कानशिलांत जाळ झाला.

"म्हणजे काल तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला मूर्ख बनवलंत? फाटकातल्या सगळ्यांपुढे? मग सांगितलं का नाहीत?"

सोनावणे भिंग शर्टाला पुसत राहिले. त्यांची बायको नाशिकला शाळेत शिकवते, मुलगी तिकडेच शिकते. दिवाळीला तेच तिकडे जातात. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे कुणी येऊन राहिलेलं मी पाहिलेलं नव्हतं. हे मला तेव्हा, त्यांच्या स्वयंपाकघराकडे नजर गेल्यावर आठवलं. ओट्यावर तीन बशा मांडलेल्या होत्या. कढईत पोहे होते, वर ओलं खोबरं पेरलेलं. नवे कप होते, एकावर किमतीचं लेबल तसंच.

"लोक माझ्याकडे माशी बघायला येतात," ते म्हणाले. "स्वतःची माशी घेऊन कुणी आलं नव्हतं. काल सांगितलं असतं तर तुम्ही आज आला नसता."

नंदाने पदर खाली केला. तिने खुर्ची ओढली, म्हणून मीही बसलो. पोहे खारट झाले होते. आम्ही दोघांनी ते दोनदा मागून घेतले.