तायडे काकाजींचा पुण्यातला जाम

आमच्या जळगाव जामोदला रोज सकाळी पावणेनऊ वाजता पुण्याचा ट्रॅफिक जाम होतो. तो होतो माझ्या शेजारच्या ओट्यावर. तिथे तायडे काकाजी एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात मनगटावरून काढलेलं घड्याळ घेऊन बसतात आणि पाचशे किलोमीटरवरच्या चौकात अडकलेल्या आपल्या मुलासाठी इथे घाम पुसतात. त्या वेळी ओट्यासमोरून बैलगाडी गेली तरी ते दचकतात.

काकाजी एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. बत्तीस वर्षं घंटी वाजवली, त्यामुळे त्यांचं सगळं जगणं उभ्यानं आणि मोठ्या आवाजात. लग्नाच्या पंगतीत वाढप रेंगाळलं की ते मागून ओरडतात, "पुढे सरका, मधात जागा हाय!" एकदा मयतीतही ओरडले होते. पण लोक सरकले, हेही खरं.

आयुष्यात त्यांना भीती एकाच गोष्टीची, ती म्हणजे मोटारगाडी. ट्रकची नाही, ट्रॅक्टरची नाही, साप तर ते काडीनं उचलतात. पण चारचाकी मोटार दिसली की चेहरा उतरतो. "मोटार म्हणजे चाकावरचं कपाट हाय, मास्तर," ते मला म्हणतात. "माणूस आत जाते, काच वर केली का झालं, खपलं. आतमधी काही झालं तं पाणी पाजाले कोन? बसमधी चक्कर आली तं पन्नास माणसं कांदा हुंगाले देतात."

मी मराठी शाळेत मास्तर. पाच वर्षं विचार करून मी जुनी गाडी घेतली, तेव्हा सगळ्या गल्लीनं पेढे खाल्ले. काकाजींनी पेढा हातात धरून कारण विचारलं, "काऊन घेतली, मास्तर?" त्यांचा पेढा शेवटी मीच खाल्ला. तेव्हापासून खामगावला जाताना मला घाटही नाही, वळणही नाही, काकाजींचा चेहराच आडवा येतो. दुसऱ्याची भीती अशी अंगाला चिकटते, हे मला त्यांच्या शेजारामुळे कळलं. याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

त्यांचा मुलगा प्रशांत पुण्यात नोकरीला लागला, त्यानं गाडी घेतली आणि काकाजींची झोप उडाली. काकू गेल्यावर घरात ते एकटेच. मुलानं आग्रह करून एकदा पुण्याला नेलं. तिथे जे घडलं, ते काकाजी आजही उभे राहूनच सांगतात.

प्रशांत त्यांना गाडीतून घरी नेत होता. एका चौकात पाऊण तास चाक हललं नाही. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि प्रत्येक गाडीत एकेकच माणूस. काकाजींचा जीव घुसमटला. शेवटी बत्तीस वर्षांची सवय उसळून वर आली. ते दार उघडून खाली उतरले, मागे गेले आणि हात हलवून मागच्या गाड्यांना थोपवू लागले. तेवढ्यात पुढे थोडी जागा झाली. काकाजींनी गाडीच्या पाठीवर धाडधाड दोन थापा मारल्या.

कंडक्टरच्या पोराला दोन थापांचा अर्थ जन्मापासून ठाऊक. प्रशांतनं गाडी सोडली. बाप रस्त्यावर राहिला, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो पुलावर चढला होता आणि तिथून मागे वळायची सोय नव्हती.

काकाजी शांतपणे बसथांब्यावर गेले, तिथल्या कंडक्टरला पत्ता विचारला, तिकीट काढलं आणि मुलाच्या तब्बल चाळीस मिनिटं आधी घरी पोचले. बसला रस्त्याची वेगळी पट्टी होती, पण हा मुद्दा ते सांगत नाहीत. प्रशांत रडवेला होऊन जिना चढला, तेव्हा बाप पायरीवर बसून म्हणाला, "पाह्यलं? बस ते बस!"

तेव्हापासून रोज पावणेनऊला फोन. "कुठं हाय? काच खाली घे. पाणी हाय का? गाडी इकून टाक अन् बसनं जा." तिकडून प्रशांतही इरेला पेटायचा. बसमध्ये गर्दी असते, घाम येतो, एसी नाही. सुरुवातीला तो दोन वाक्यांत फोन ठेवायचा. पण अलीकडे बापलेकांचं भांडण पंधरा-वीस मिनिटं रंगायचं. चालवताना कसं बोलतोस, असं मी एकदा त्याला विचारलं, तर म्हणाला, "गुरुजी, जाममध्ये गाडी उभीच असते." पुण्याचा रस्ता मी पाहिलेला नव्हता. मी विश्वास ठेवला.

मग मे महिन्यातली ती सकाळ आली. पावणेनऊला फोन लागला नाही. नऊला नाही. साडेनऊला 'बंद आहे' असंच ऐकू येत होतं. दहाला काकाजींनी ओट्यावर बसणं सोडून फेऱ्या मारायला सुरुवात केली. मी म्हटलं, चार्जिंग संपलं असेल. त्यांनी ऐकलंच नाही. अकराच्या सुमाराला ते माझ्या दारात आले. चेहरा राखेसारखा झाला होता आणि हातात कापडी पिशवी होती.

"मास्तर, तुमची गाडी काढा. शेगावले जाऊ. पुण्याची जे भेटीन ते रेल्वे धरतो."

"काकाजी, गाडी?"

"काढा म्हटलं ना!"

ज्या माणसानं माझ्या गाडीचा पेढासुद्धा खाल्ला नव्हता, तो मागच्या सीटवर बसला. बसला म्हणजे काय, वरची कडी एका हातानं घट्ट धरून अर्धा उभाच राहिला. मला आरशात त्यांचे ओठ हलताना दिसत होते. त्यांच्या मोबाईलची बॅटरी फोन लावून लावून मेली होती, तरी ते त्याचं बटण दाबतच होते. मलाही आता त्या मुलाचं काहीबाही दिसायला लागलं होतं. फुटलेली काच, भोवती गर्दी. मी खरंच घाबरलो होतो.

वरवट बकालला पाण्याची बाटली घ्यायला मी उतरलो आणि माझा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर होता. उचलायचं धाडस होईना, तरी उचलला.

"गुरुजी, मी प्रशांत. मोबाईल चोरीले गेला. आल्याबरोबर मीटिंगमध्ये अडकलो, आता ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तुमचा नंबर सापडला. बाबाचा फोन लागून नाही राह्यला."

मी दुकानाच्या बाकावर बसलो. "गाडीतून चोरी कशी झाली रे?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "गाडीत नाही, बसमध्ये. गर्दीत खिशातून काढला. आठ महिने झाले, बसनंच जातो. गाडी खाली धूळ खाऊन राह्यली. पण बाबाले सांगू नका."

मी भडकलो. "अरे, तो माणूस रोज जीव मुठीत धरून बसतो! आत्ता माझ्या गाडीत बसलाय, कळतं का तुला?"

"कळते, गुरुजी. पण बसनं जातो म्हटलं तं ते 'बरं झालं' म्हनतीन अन् फोन ठेवून देतीन. आई गेल्यापासून आम्ही दुसरं बोलतो काय?"

मी उठून गाडीपाशी गेलो. मी फोन काकाजींकडे दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून पोराचं सगळं ऐकून घेतलं. मग एकदम ओरडले, "गाडी चालोते अन् मोबाईल सांभाळता येत नाही तुले? काच खाली ठेवत जा! पाणी ठेवलं काय?" दुकानदार बघतच राहिला.

परतीला गाडी सुरू करण्याआधी मी गप्प राहायला हवं होतं. पण मास्तरच्या पोटात काही राहत नाही, आणि त्यांची सकाळची ती राख झालेली मुद्रा मला पुन्हा पाहायची नव्हती.

"काकाजी, उद्यापासून भिऊ नका. पोरगा बसनंच जातो."

"माहीत हाय," ते म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं.

"तिकिटाच्या मशीनमधून कागद निंघते, ते फोनात ऐकू येते. बत्तीस वर्षं त्याच धंद्यात गेली, मास्तर. सात-आठ महिने झाले."

"मग रोज घाबरता कशाला?"

त्यांनी कडी सोडली आणि पहिल्यांदाच नीट टेकून बसले. "पयले खरंच भेत होतो. आजबी खरंच भेलो. एरवी... भेव हाय तं फोन करता येते. भेव मिटलं तं पोराले कायच्या निमित्तानं फोन करू? जेवला काय, हे विचाराले अर्धा मिनिट लागते. तो गाडी चालोते, एवढंच मले माहीत हाय. त्याले सांगू नका."

मी हो म्हटलं. अर्ध्या तासात बाप आणि लेक दोघांनीही मला 'सांगू नका' हेच म्हटलं होतं, आणि लेकाचं तर मी मोडलंही होतं. किल्ली फिरवली, पण समोरचं नीट दिसेना, म्हणून गाडी थोडा वेळ तशीच उभी ठेवली.