मूठभर मसाल्याची आणि टपालभाड्याची हकीकत

श्री. तराजूच्या उभय पारड्यांस सारखेच नमन असो, आणि मधला काटा, जो कोणाचाच नातलग नव्हे, त्याचे स्मरण करून ही हकीकत लिहावयास आरंभ केला. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, भाद्रपद मासी, एका राज्यात, ज्याचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही, मोठी पेठ भरत असे. पेठ ऐसी की तीस वेस नाही, रस्ता नाही, गाडीतळ नाही. जो तो घरबसल्या काचेच्या तुकड्यावर बोट फिरवी आणि माल पाही, आणि मग विकणार एका सुभ्यात, घेणार दुसऱ्या सुभ्यात, आणि दोघांमध्ये टपालाचे हरकारे पाठीवर गोण्या टाकून धावत. पेठेवर अंमल दरबाराचा. दरबार कोठे बसतो हे कोणी पाहिले नव्हते, हुकूम मात्र रोज येत, आणि कालचा हुकूम आज फिरला तरी कोणी विचारू नये ऐसा शिरस्ता होता.

त्या राज्यात दोन गोष्टींवरून नित्य लढाया होत, एक टपालभाडे आणि दुसरे तारे. भाड्याची तऱ्हा ऐसी की घेणारा मालाचे दाम हसत देई, आणि खाली भाड्याचा आकडा दिसला की त्याच्या कपाळास आठ्या पडत, जैसा काही हरकाऱ्याने वाऱ्यावर बसून फुकट यावे. हे जाणून विकणाऱ्या सरदारांनी नाना युक्त्या काढिल्या. राजश्री विश्वासपंत रेगे म्हणून फोनची कवचे विकणारे नामांकित सरदार होते. त्यांनी कवच जवळजवळ फुकट मांडिले आणि भाडे ऐसे लाविले की कवच हत्तीवरून यावे. मग दरबाराने डोळे वटारिले, तेव्हा पंतांनी तेच भाडे कवचाच्या किमतीत मुरविले आणि वर पाटी लाविली, 'भाडे माफ'. लोक आनंदले. पैसे तितकेच गेले, पण पाटी पाहून सर्वांस बरे वाटले. तारे म्हणजे काय, तर सौदा झाल्यावर घेणाऱ्याने विकणाऱ्यास आणि विकणाऱ्याने घेणाऱ्यास एकापासून पाचपर्यंत तारे द्यावे, दोघांचे लखोटे दरबारी बंद राहावे, आणि दोन्ही आले म्हणजे एकदम फुटावे. सबब जो तो म्हणे, आधी आपण द्यावे, मग आम्ही देऊ, आणि लग्नात जेवायला बसताना जसा आग्रह चालतो तसा चाले, आत मात्र दोघेही हात राखून. कोणी पुडक्यात गोळ्या घाली, कोणी चिठ्ठी घाली की आम्ही लहान दुकानदार, पाचच तारे द्यावे. ज्याचे तारे चाराखाली उतरत त्याचे दुकान दरबार पुढल्या पेठेतून उचली आणि मागल्या गल्लीत नेऊन ठेवी, जेथे कुत्रेही फिरकत नसे.

या पेठेत राजश्री मंदाकिनीबाई हळबे यांनी नवे ठाणे घातले होते. बाई गोडा मसाला करीत. त्यांच्या तीर्थरूपांचे गावात दुकान होते, ते रस्तारुंदीत गेले, तेव्हा बाईंनी खलबत्ता, कढई आणि तराजू घेऊन या पेठेत कूच केले. मसाला ऐसा की डबा उघडावा आणि शेजारणीने भिंतीपलीकडून विचारावे, आज काय केले आहे? दसरा-दिवाळीची मोहीम जवळ आली म्हणून बाईंनी हंगामाचा सारा मसाला भाजून कुटून मोठ्या डब्यांत भरून ठेविला. हा मसाला वेळेत गेला तर वर्षाची बेगमी, आणि पडून राहिला तर वास उडून नुसती तपकिरी पूड. एवढे एकच दुकान, एवढाच एक हंगाम, आणि सारी भिस्त पुढल्या पेठेत टिकण्यावर होती. नव्या ठाण्याचे तारे थोडे, सबब एकेक तारा भारी होता.

आता बाईंच्या घरची एक रीत होती, ती लिहितो. तीर्थरूप माप भरीत, काटा मधे येई, आणि मग ते वरून आणखी एक मूठ घालीत. गिऱ्हाईक त्या मुठीकडे पाही आणि हसून पिशवी पुढे करी. बाईंनीही तीच रीत चालविली. डब्यावर साडेचारशे ग्रॅम लिहिले आणि आत साडेचारशे घालून वर एक मूठ घातली. परंतु टपालाच्या दरात अर्ध्या किलोपर्यंत एक भाडे आणि त्यापुढे केसभर गेले तरी दुसरे, जवळपास दुप्पट. मसाला आणि डबा आणि खोका मिळून अर्ध्या किलोत नीट बसत होते, ते या मुठीने बाहेर गेले. बाई इमानी, त्यांनी दरबारी वजन खरे लिहिले, आणि भाडे मोठे लागले ते घेणाऱ्याच्या माथी पडले. लोक मसाल्याची तारीफ करीत आणि भाड्यापायी तारा कापीत. तरी बाई मूठ सोडीनात. त्यांस वाटे, लोक मूठ पाहतील आणि गोड मानतील. परंतु बंद डब्यातली मूठ कोणास दिसावी?

तेव्हा दक्षिण सुभ्यातून राजश्री दिनकरराव पोंक्षे यांची मागणी आली. हे गृहस्थ पूर्वी वजनमापांचे निरीक्षक होते. आता घरी बसले, तरी भाजीवाल्याचा तराजू तिरका दिसला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जाई. साडेचारशे ग्रॅमच्या मालास किलोचे भाडे, हे वाचून ते खुर्चीतून उठले आणि आपल्या कुटुंबास, शालिनीबाईंस, म्हणाले, "यात काहीतरी लबाडी आहे. मागवतोच आणि पकडतोच." शालिनीबाई म्हणाल्या, "मागवा. मसाला संपलाच आहे, तुमची लबाडी तुम्ही पकडा, मी आमटी करते." मग डबा आला. रावांनी घरचा पितळी काटा पुसून मांडिला आणि मसाला तोलिला, तो लिहिल्याहून कमी नव्हे, जास्त भरला. पुन्हा तोलिला, पुन्हा जास्त. राव चकित जाहले, आणि मग अधिकच रागावले, आणि त्याच तिरीमिरीत आपला तारा लखोट्यात घालून दरबारी रवाना केला, आणि बाईंस खलिता धाडिला तो येणेप्रमाणे: "आपण लिहिल्यापेक्षा जास्त माल घातलात. आम्ही मागितला नव्हता. त्या जास्तीपायी आम्हाला दुप्पट भाडं पडलं. भेट तुमची, भाडं आमचं, हा कुठला न्याय?"

खलिता वाचून बाईंस फार लागले. डोळ्यांत पाणी आले हे लिहावयास लाज नाही. वडिलांची मूठ, आणि तिला हा जबाब! तेवढ्यात रेगे पंतांची स्वारी चहास आली. पंतांनी खलिता वाचला आणि मांडीवर थाप मारून बोलिले, "मंदाताई, हा माणूस एक तारा देणार, माझ्याकडून लिहून घ्या. तुम्हीही एकच द्या. त्याचे तारे उतरले की दरबार त्याची माल घरी आल्यावर पैसे द्यायची सवलत काढून घेतो. कळू दे त्याला."

"पण तो खोटं काय बोललाय?" बाई म्हणाल्या.

"खरंखोटं जाऊ दे हो. ही लढाई आहे."

पंत चहा पिऊन गेले. मग बाई तराजूपाशी बसल्या आणि खलिता पुन्हा वाचला, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की कमी भरले म्हणून भांडणारे त्यांनी दुकानात जन्मभर पाहिले, पण जास्त भरले म्हणून खरे सांगणारा हा पहिलाच. दुसरा कोणी असता तर जास्तीचा मसाला गुपचूप बरणीत टाकून वर भाड्याची शिवी हासडता. बाईंनी डबा रिकामा केला, चारशे घातले, वर मूठ घातली, खोक्यात बसवून तोलिले, तो सारे मिळून अर्ध्या किलोच्या आत, आणि काट्यास अजून जागा. मग त्यांनी पाटीवर साडेचारशे पुसून चारशे लिहिले, त्या मानाने किंमत उतरविली, भाडे आपोआप लहान जाहले, आणि मूठ राहिली. इतके सोपे होते हे पाहून बाई आपल्यावरच हसल्या. मग रावांस कळविले, "तुमचं बरोबर आहे. माप बदललं. मूठ आमच्या वडिलांची आहे, ती मात्र राहील, तिचं भाडं आता कुणाला पडणार नाही." आणि लखोट्यात पाच तारे घालून खाली लिहिले, 'जास्त मिळाले हेही खरे सांगणारे गृहस्थ'.

लखोटे फुटले. रावांचा एक तारा बाहेर पडला, आणि बाईंचे तारे चाराखाली आले, आणि दरबाराने त्याच दिवशी दुकान उचलून मागल्या गल्लीत नेले. दसरा तोंडावर, डबे रचलेले, आणि मागणी बंद. बाई रोज एका डब्याचे झाकण उघडून वास घेत आणि पुन्हा लावीत.

तिकडे रावांनी बाईंचे पाच तारे पाहिले आणि त्यांस जेवण जाईना. दरबारी अर्ज केला की आमचा तारा परत द्यावा. जबाब आला, दिलेला तारा परत होत नाही. दुसरा अर्ज केला, तोच जबाब. तेव्हा राव बोलिले, "तारा बदलता येत नाही ना? मग नवा देता येतो. नव्या खरेदीला नवा तारा." आणि एक डबा मागविला. डबा आला, तोलिला, मूठ जास्त भरली, भाडे रास्त पडले, मग पाच तारे दिले आणि वजनासकट लिहिले. मग दुसरा मागविला, तोही तोलिला. मग तिसरा. न तोलता तारा देणे हे त्यांच्या रक्तात नव्हते. घरात डबे जाहले, वास पडद्यांस लागला, जिन्यातले सारे शेजारी मसाल्याचे धनी जाहले, आणि शालिनीबाई म्हणाल्या, "आमटी झाली, भरली वांगी झाली, मसालेभात झाला. आता उद्या या मसाल्याची बासुंदी करू का?"

मंदाकिनीबाईंनी हे पाहून फोन लाविला. "अहो राव, पुरे आता. आणि घ्यायचेच असतील तर एकदम मागवा, मी एका खोक्यात पाठवते. भाडं वाचेल."

राव म्हणाले, "भाडं वाचेल, पण तारा एकच पडेल. वेगवेगळेच पाठवा."

"इतकं भाडं? तुम्ही?"

"अहो, चूक माझी आहे. तिचं भाडं मीच भरणार ना? बाकी मूठ बरोबर भरतेय. वडिलांचा हात मोठा होता तुमच्या."

बाईंनी नुसते हूं म्हटले आणि फोन ठेविला, आणि डबा भरताना त्या दिवशी मूठ जरा जास्तच गेली, तरी काटा अर्ध्या किलोच्या आतच राहिला. रावांचे वजनासकट लिहिलेले दाखले गल्लीत चुकून शिरलेल्या चौघांनी वाचिले, चौघांनी डबे घेतले, त्यांनीही तारे दिले, आणि वसुबारसेच्या दिवशी बाईंचे दुकान पुन्हा पुढल्या पेठेत उभे राहिले. मसाला वास असताच गेला. रेगे पंतांनीही एक डबा घेतला आणि पाटी शोधू लागले की भाडे माफ कोठे लिहिले आहे.

आता शेवटची मसलत. दरबाराने पाहिले की पोंक्षे नामे गृहस्थ मागणीवर मागणी करितो, म्हणून त्यांस 'ग्राहकरत्न' किताब बहाल केला आणि फर्मान दिले की यापुढे यांस कायम भाडे माफ. शालिनीबाईंनी साखर वाटली. राव मात्र फर्मान हाती घेऊन बसले, आणि मग बाईंस विचारिते जाहले, "हे माफ भाडं भरणार कोण?" बाई म्हणाल्या, "दरबार आमच्याच बिलातून कापतो. तुम्ही घ्या हो, तुमच्यासाठी कापलेलं मला जड नाही." राव उठले, चष्मा पुसला, आणि दरबारास खलिता लिहिला: "भेट तुमची, भाडं त्यांचं, हा कुठला न्याय?" किताब परत केला. आणि खाली दरबाराने सवयीने विचारिले होते की आमची सेवा कशी वाटली, तेथे एक तारा दिला.

येणेप्रमाणे मसाला संपला, दुकान राहिले, मूठ चालू आहे, आणि दरबाराचा जबाब अद्याप आला नाही. लिहिणाराने मापावर काही जास्त घातले असेल तर त्याचे भाडे वाचणारावर नाही. लेखनसीमा.