तीन बगळे

"यंदाच्या कॅलेंडरचं मुखपृष्ठ माझं. स्टोअरकीपरने आता स्वप्नं दुसरी बघावीत," असं फोकसराव ऑफिसात छातीठोकपणे सांगून आले होते. फोटोस्पर्धेचा विषय होता 'नैसर्गिक अधिवासातले पक्षी' आणि मुदत रविवारी दुपारी बारापर्यंत. गेली तीन वर्षं मुखपृष्ठ स्टोअरकीपरचं, तेही साध्या फोनने काढलेलं! फोकसरावांची लेन्स मात्र एवढी लांब, की ते घरात वळले की फुलदाण्या हलवाव्या लागत. त्यांचं खरं नाव ऑफिस कधीच विसरलं होतं.

रविवारी सकाळी ते तळ्यावर निघाले ते टोपीपासून बुटांपर्यंत पांढरेशुभ्र.

"बगळ्यांना मी त्यांच्यातलाच वाटलो पाहिजे," ते बायकोला म्हणाले. "तू सामान धर. आणि मी काम करताना माझा एखादा फोटो काढ. ऑफिसला कळू दे, किती कष्ट असतात ते."

वहिनींनी मान हलवली. रोज बारा वाजेपर्यंत त्यांचं मौन. अकरा वर्षांत एकदाही मोडलेलं नाही. अडलंनडलं तर त्या पाटीवर लिहीत. पण मागच्या आठवड्यात 'शर्ट उलटा घातलाय' अशी पाटी त्यांनी शेजाऱ्यांदेखत दाखवली, तेव्हा फोकसराव तडकले होते. "लिहून दाखवणं म्हणजे मौनाला भोक पाडणं. व्रत करायचं तर अख्खं करावं माणसाने." वहिनी श्रद्धाळू. त्यांनी पाटी फळीवर ठेवून दिली.

तळ्यावर पोचल्यावर फोकसराव गुडघे टेकून कॅमेऱ्याची तिपाई उघडायला बसले. तेवढ्यात तळ्याचा राखणदार पाण्यात उतरला. तिथे उभ्या असलेल्या बगळ्याची त्याने मान धरली, त्याला उचललं, फडक्याने पुसलं, पुन्हा चिखलात रोवलं आणि तो झोपडीत निघून गेला. हे पाहिलं एकट्या वहिनींनी.

फोकसरावांनी मान वर केली. "अगं, बघितलंस? काय रुबाब आहे!"

वहिनींनी घाईने मूठ आवळून काहीतरी उचलल्याची खूण केली.

"हो ना, मान खरंच लांब आहे."

वहिनींनी बोटाने कपाळावर टकटक केलं. कडक आहे, पोकळ आहे, असं त्यांना म्हणायचं होतं.

"हुशारही असतात," फोकसराव म्हणाले आणि चिखलात पालथे पडले.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. नवऱ्याची अब्रू एका पारड्यात, अकरा वर्षांचं व्रत दुसऱ्यात. वहिनी मनातल्या मनात देवाला म्हणाल्या, आता तूच त्या बगळ्याला उडव.

दोन तास झाले. "पापणीसुद्धा लवत नाही. याला म्हणतात ध्यान," फोकसराव कुजबुजत होते. "स्टोअरकीपरचा पक्षी बघ, नुसता फडफडत होता. संस्कारच नाहीत."

इतक्यात एक खराखुरा बगळा अलगद उतरला आणि थेट फोकसरावांच्या पाठीमागे, त्यांच्या पिशवीवर उभा राहिला. वहिनींनी नवऱ्याचा पाय हलवला.

"शूः! हलू नकोस. नैसर्गिक अधिवास आहे हा."

बगळ्याने मान लांब करून त्यांच्या खांद्यावरून कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. वहिनींना सांगितलेलं काम आठवलं. त्यांनी फोन काढून एक फोटो घेतला. बगळा उडून गेला.

बाराला पाच कमी. फोकसरावांनी आपला फोटो स्पर्धेला पाठवला, आणि वहिनींचा फोन घेऊन, उन्हात नीट न बघताच, त्यातलाही जोडला. वहिनींनी त्यांचा हात घट्ट धरला.

"कळतोय गं तुझा आनंद," ते गहिवरून म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

बारा वाजले. वहिनींनी हात जोडून देवाचं नाव घेतलं आणि त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, तो प्लास्टरचा आहे."

"कोण?"

पलीकडून राखणदार ओरडला, "साहेब, झालं असेल तर बगळा आत घेऊ का? रंग द्यायचाय. एक बसलेला दिसला की बाकीचे बगळे मासे खायला येत नाहीत, म्हणून ठेवलाय."

"आणि नाही येत?" वहिनींनी विचारलं.

"येतात की. याच्याच शेजारी बसतात."

शुक्रवारी कॅलेंडर लागलं. मुखपृष्ठावर वहिनींचा फोटो : पुढे प्लास्टरचा, मागे पिशवीवर खरा, आणि मधोमध, पांढऱ्याशुभ्र पोशाखात पालथे फोकसराव. खाली स्टोअरकीपरने सुचवलेली ओळ : 'तिघांतला खरा बगळा ओळखा.' बडे साहेब म्हणे खुर्चीवरून घसरेपर्यंत हसले.

संध्याकाळी फोकसराव घरी आले ते तोंड शिवल्यासारखे.

"चहा टाकू?" वहिनींनी विचारलं. उत्तर नाही.

"जेवणार ना?" उत्तर नाही.

थोड्या वेळाने फोकसरावांनी फळीवरची पाटी खाली घेतली आणि पेन्सिल शोधू लागले. वहिनींनी पाटी हळूच त्यांच्या हातातून काढून जागेवर ठेवली.

"नको हो," त्या मायेने म्हणाल्या. "मौनाला भोक पडतं."