पाच नंबर रिकामा नाही

"ही मोटर परत न्हाई म्हनतीया!" अंबाजीआबा फोन डोक्यावर धरून अंगणातून ओरडले.

भाताच्या खाचरावरची मोटर घरबसल्या फोनवरून चालू करायची सोय कोमलनेच वडिलांना करून दिली होती. पण मोटरीच्या पेटीला एकाच नंबरचा फोन ओळखीचा, आणि हा नंबर म्हणजे वाय-फायवरचा पत्ता; घरातला राउटर आबांच्या फोनला तो रोज नवा द्यायचा. मागच्या भाड्याच्या चार खोल्यांत शहरातले पाहुणे उतरले की पाहुण्यांचे फोन आधी जागा धरायचे आणि आबा स्वतःच्याच घरात परके व्हायचे. कोमलने लॅपटॉप उघडला, राउटरच्या यादीत पाच हा नंबर राखून ठेवला आणि त्यापुढे लिहिलं, 'आबा'.

"आता हा कायमचा तुमचा. दुसऱ्या कुणाला जाणार नाही."

"सातबाऱ्याव चढावला म्हन की!"

"चढवला."

"मग बहिनीची सही लागंल."

ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या सरुबाईआत्याने मानही वर केली नाही. "तुजा नंबर तुलाच ऱ्हाऊ दे. मला दोन गुंठं दे."

मोटर सुरू झाली. आबा इतके खूश झाले, की त्यांनी ती उगाचच आणखी दोनदा बंद-चालू केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाचराच्या बांधावर जरा टेकले, ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतरच्या शनिवारी चारही खोल्या भरल्या. बुकिंग आबांनीच घेतलेलं होतं आणि कोमलने त्यातलं एकही रद्द केलं नव्हतं. आबांना विचारत कुणाचा फोन आला की ती म्हणे, "आत्ता नाहीत. मला सांगा." हे खोटं नव्हतं. पण आत्याच्या लक्षात आलं होतं, की तो एक शब्द पोरीच्या तोंडून अजून निघालेला नाही. रडणंही नाही. नुसती कामं.

त्यातच कुरिअरने खोकं आलं. आबांनी मागवून ठेवलेला भोंगा. तो राउटरला जोडायचा, फोनमध्ये बोलायचं, की ओढ्यावर आणि खाचरात पांगलेले पाहुणे जेवायला हजर.

"परत धाड बाई," आत्या म्हणाली. "कुनाला हौस हाय आता?"

"परत जाणार नाही. आजच लागणार."

भोंगा खांबावर चढला, पण मुका. कोमलने लोणावळ्याच्या दुकानदाराला, आकाशला, फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, कोऱ्या भोंग्याला आधी नंबर द्यावा लागतो. लॅपटॉपची वायर थेट त्याला लावा आणि एखादा रिकामा नंबर द्या."

"म्हंजी बारसं," आत्याने निकाल दिला, आणि भोंगा खाली उतरवल्यावर त्याच्या तोंडाशी वाकून खरोखरच "कुर्रर्र" केलं.

कोमलने चाळीस नंबर दिला. भोंगा खांबावर जाऊन 'टिंग' म्हणाला. तेवढ्यात ओढ्यावरून पिंपरीचे एक काका परतले. चाळीस नंबर त्यांच्या फोनचा होता. भोंगा गप्प आणि काकांचा फोनही गप्प. "अहो, माझी मीटिंग चालू होती!" काका ओल्या टॉवेलातच तक्रार घेऊन आले. मग भोंगा खाली, एकसष्ट नंबर, भोंगा वर. एकसष्ट एका बाईंचा निघाला. त्यांची मालिका ऐन साखरपुड्यात थांबली.

आकाशने यादीचा फोटो मागवला. "मॅडम, किती सोपं आहे! हा पाच नंबर बघा, राखीव आहे, कुणाला जातच नाही. तोच द्या."

"तो रिकामा नाही."

"पण फोन बंद दिसतोय."

"बंद आहे. रिकामा नाही."

"मग एकच उपाय. राउटरला सांगा, पाहुण्यांना सहा ते दोनशे एवढेच नंबर वाट. भोंग्याला दोनशे एक द्या. पण मॅडम, एका बंद फोनसाठी सगळ्या घराला हलवणार?"

"हो. सगळ्या घराला."

घर हललं. भोंगा पुन्हा खाली, दोनशे एक नंबर, भोंगा वर; राउटर बंद होऊन चालू झाला. पण रागाच्या भरात कोमलकडून दोनशेतली दोन शून्यं लिहायच्या ऐवजी एकच लिहिलं गेलं. सहा ते वीस. म्हणजे पंधरा फोनांना जागा, आणि पाहुण्यांच्या हातात तिसेक फोन. आधी पोचले त्यांचं वाय-फाय लागलं. बाकीचे अंगणात जमले.

"तुमच्या एकाच खोलीत चार फोन चालू आहेत, एक बंद करा की!"

"का म्हणून? आम्ही मोठी खोली घेतलीय!"

"अगं, नुसता गाणी ऐकतोय हा, आणि आमची मीटिंग!"

आत्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "नळाव बरी भांडनं व्हत्यात, निदान हंडा तरी भरतो."

पिंपरीचे काका थेट कोमलसमोर आले. "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. मालक कुठायत? मी आल्यापासून विचारतोय. त्यांना बोलवा!"

"आत्ता ना..." कोमल सवयीने म्हणायला गेली आणि थांबली. आत्याने लॅपटॉपसमोर धरलेल्या व्हिडिओ कॉलवरून यादी बघत आकाश ओरडत होता, "मॅडम, भोंगा दिसला! दोनशे एकवर! बोलून बघा!" कोमलचा अंगठा स्वतःच्या फोनवरच्या माइकच्या बटणावर होताच.

"बोलावता येणार नाही," ती काकांना म्हणाली. "आबा वारले."

खांबावरून तिचाच आवाज सुटला, खाचरांवरून गेला आणि समोरच्या डोंगराला लागून परत आला. काकांनी टॉवेल खांद्यावर नीट घेतला. आत्याने पदर तोंडाला लावला आणि खुणेने सांगितलं, बटण सोड, बटण सोड.

कोमलने बटण आणखी घट्ट दाबलं.

"माझे आबा वारले," तिने सगळ्या गावाला, औंढ्याला, सांगितलं. "मालक आता मी आहे. भात निवतोय, जेवायला या."